चुलीवर काय होतं?

सुनंदा,

तुझा रशियन अजून घरातच आहे. पाहुणे आले, रडले, जेवले, आपापल्या गाड्यांनी गेले. हा मात्र जागचा हललेला नाही. तुझ्या टेबलावरच्या त्या जाड मासिकाच्या पानावर बसलाय. मोठ्या कानांचा, चुरगळलेल्या कोटातला, माझ्याकडे बघत. परवा केतकीनं सगळा गठ्ठा ट्रंकेत भरायला घेतला तर मी उगाच तिच्यावर खेकसलो. "राहू दे त्याला," म्हणालो. बाबांचं आता काही खरं नाही, असं पोरीच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

दिवस कसाबसा जातो. दिवेलागण झाली की कठीण होतं. हल्ली दिवेलागणीलाच हे शहर दारं लावून घेतं, तुला माहीतच आहे. एवढे रुंद रस्ते, आणि त्यांच्यावर एक सायकल नाही. चौकातल्या वाळूच्या पोत्यांमागे जवान तेवढे उभे असतात. आपल्या क्वार्टरांच्या खिडक्यांतून उजेड बाहेर येऊ नये म्हणून लोक पडदे ओढून बसतात, आणि मग मला तुझा आवाज ऐकू येतो. तुझाच, पण बोलणारा पुरुष. "मला विद्यापीठातून काढलं तेव्हा पहिला बर्फ पडला होता," असं तू पलीकडच्या खोलीतून म्हणतेस, आणि मी उठून दिवा लावून येतो.

तुझी ती दुभाष्याची सवय. एअरफोर्सच्या वर्कशॉपात रशियन इंजिनियर "मी" म्हणाला की तूही "मी" म्हणायचीस. "ते असं म्हणतात" हे मध्ये घालायचं नाही, हा तुमच्या कामाचा शिरस्ता. एकदा तुला न्यायला आलो होतो तेव्हा तू हिरव्या साडीत, कमरेवर हात ठेवून, तिथल्या साहेबाला ठणकावत होतीस, "माझ्या बायकोचं बाळंतपण आहे, मला मॉस्कोला जाऊ द्या." मी दारात उभा. हसू दाबता दाबता पुरेवाट झाली माझी. घरीही तेच. तुझ्या या रशियनचं पुस्तक मराठीत आणायला घेतलंस तेव्हापासून तू ते मोठ्यानं वाचत, तोंडानं मराठी करत बसायचीस. "मी बॉयलरच्या खोलीत रात्रभर कोळसा टाकत असे." मी स्वयंपाकघरातून ओरडायचो, "कोळसा टाकून झाला असेल तर चहा टाक." बायकांना सवत येते ते ऐकून होतो. मला जो आला होता त्याला काय म्हणायचं, ते मराठीत कोणी ठरवलेलंच नाही.

त्याचं नाव तीन मजली. मला ते शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही, म्हणून आपल्या घरात तो "प्रोफेसर". नदीकाठच्या कुठल्याशा गावच्या रेल्वे फिटरचा मुलगा. शिकून इतिहासाचा प्राध्यापक झाला आणि तिथे ज्याला कोणी हात लावत नाही असा विषय त्यानं धरला: त्याच्या आईबापांच्या काळात घराघरांतून उचलून नेलेली, परत न आलेली माणसं. सरकारी दप्तरात त्यांची नावं नव्हती. म्हणून हा त्यांच्या म्हाताऱ्या बायकांकडे, बहिणींकडे जाऊन बसायचा. तारीख विचारली की बायका गप्प व्हायच्या. काही विसरलेल्या असायच्या, काही घाबरलेल्या. मग त्यानं दुसराच प्रश्न विचारायला सुरुवात केली. "त्या दिवशी चुलीवर काय होतं?" ते मात्र प्रत्येकीला आठवायचं. कोबीचं सार होतं, उतू गेलं. बटाटे होते, करपले. आणि एकदा पातेलं आठवलं की दार कोणी वाजवलं, त्याच्या अंगात कोणता कोट होता, जाणारा काय म्हणाला, सगळं एकामागोमाग येई.

पुस्तकावर बंदी आली. नोकरी गेली. प्रोफेसर एका इस्पितळाच्या बॉयलरवर कामाला राहिला आणि लिहीत राहिला. मग त्यांच्याकडे वारं फिरलं, आणि तेच पुस्तक मासिकातून छापून येऊ लागलं. परत जाणाऱ्या इंजिनियरला तू लिंबाचं लोणचं दिलंस आणि त्यानं तुला ही मासिकं दिली. तू वाचत होतीस तोवर तिकडे लोकांनी प्रोफेसरला निवडून पार्लमेंटात पाठवलं. ज्या दिवशी ती बातमी लागली त्या दिवशी तू शिरा केला होतास, जसं काही केतकीच पास झाली होती.

तिथूनच आपला वाद सुरू झाला. मी म्हणायचो, इतिहास लिहिणाऱ्यानं निवडणुकीला उभं राहू नये. तू म्हणायचीस, "आत एक तरी माणूस असा नको का, ज्याला त्या पातेल्यांची आठवण आहे?" मी म्हणायचो, खुर्चीवर बसला की विसरेल. तू म्हणायचीस, तुम्हाला कोणाचं काही चांगलं झालेलं बघवत नाही. त्यावर मी म्हणायचो, त्याचे कानच मला पसंत नाहीत. आणि तू उशी फेकून मारायचीस. तो मंत्र्यांच्या पंक्तीला जाऊन बसला तेव्हाही आपण भांडलोच. त्या वादात मजा होती गं. हे सगळं दूरचं, बर्फातलं, दुसऱ्यांच्या घरचं होतं.

मग मार्चमधली ती सकाळ.

तू आणि मी बाल्कनीत चहा पीत होतो. खालच्या मजल्यावरचे हरबंससिंग दुधाची कडीची बरणी, त्यांचं ते डोलू, घेऊन बूथवरून येत होते. शाळेत गणित शिकवणारा माणूस, कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात. बिननंबराची जीप आली. साध्या कपड्यातली माणसं उतरली. दोघांनी दंड धरले, एकानं मागून रेटलं. त्यांची पगडी जीपच्या दाराला अडली तेवढा एक क्षण त्यांनी वर पाहिलं, आपल्याकडे. मग जीप गेली. डोलू रस्त्यावर आडवं, दूध नालीकडे वाहत निघालेलं. मी तुझा हात धरून तुला आत ओढत होतो आणि तू तो सोडवून जिना उतरत होतीस. तू ते डोलू उचललंस आणि खाली त्यांच्या बायकोचं, जसपालजींचं, दार वाजवलंस.

कोण होते ते, आजतागायत कोणाला ठाऊक नाही. काही म्हणाले, बंदुका घेतलेली पोरं होती. मास्तरांनी त्यांचं कुठलंसं फर्मान मानलं नव्हतं. काही म्हणाले, पोलीस होते. मास्तरांचा एक जुना विद्यार्थी पोरांना जाऊन मिळाला होता. दोन्हीकडचे दुसऱ्याकडे बोट दाखवत. ज्या वर्षात बसमधून माणसं उतरवून गोळ्या घातल्या जात होत्या आणि घरातून गेलेला माणूस घरी येईलच असं कोणी धरून चालत नव्हतं, त्या वर्षात एका मास्तरासाठी कोण कोणाला जाब विचारणार? जसपालजी ठाण्याठाण्यांतून फिरल्या. सगळीकडे एकच उत्तर. नोंद नाही.

तू म्हणालीस, "आपण पाहिलंय. आपण सांगू."

मी म्हणालो, "आपण बदलीवाले आहोत."

आता ते वाक्य मलाच ऐकवत नाही, पण तेव्हा ते मला फार शहाणपणाचं वाटलं होतं. आपल्या सगळ्याच मंडळींची ही रीत. गणपतीला मराठी मंडळाच्या हॉलमध्ये जमलो की पहिला प्रश्न, "पोस्टिंग किती राहिलं?" निम्मी खोकी कधी उघडायचीच नाहीत. त्यांच्यावर चादर टाकली की झाला दिवाण. पाणी येत नाही, शेजारी भांडतात, गाव पेटलंय. आपल्याला काय, आपल्याला जायचंय. तू एकटीच अशी निघालीस की येशील तिथे सगळी खोकी उघडून, खिळे ठोकून, भिंतीवर फोटो लावून बसायचीस. आणि मी मागून म्हणायचो, पुन्हा काढावे लागतील. त्या दिवशी मी केतकीची शपथ घातली. तू गप्प राहिलीस. माझं ऐकलंस असं मी समजलो.

पावसाळा गेला, थंडी सुरू झाली. एका संध्याकाळी तू शॉर्टवेव्हवर मॉस्को लावून बसली होतीस. त्यांच्या दक्षिणेकडच्या कुठल्याशा शहरात फौज शिरली होती आणि काही माणसं घरी परतली नव्हती. वार्ताहर विचारत होते आणि सरकारच्या वतीनं उत्तर द्यायला बसले होते तुझे प्रोफेसर. तू सवयीनं मला मराठी करून सांगू लागलीस. "मी स्वतः कागद तपासले आहेत. मी इतिहासाचा माणूस आहे, पुराव्याशिवाय बोलत नाही." मग थांबलीस. रेडिओ खरखरत बोलतच होता.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"तो म्हणतोय," तू म्हणालीस, "नोंदच नाही, त्याअर्थी अशी माणसंच नाहीत."

इतक्या वर्षांत तुझ्या तोंडून "तो म्हणतोय" मी पहिल्यांदा ऐकलं. तू रेडिओ बंद केलास. आणि मी काय म्हणालो? "सांगितलं नव्हतं?" एवढंच. म्हणताना मला जरा बरंही वाटलं. वाद जिंकलो होतो ना. तू उठून पोळ्या लाटायला गेलीस, आणि मला वाटलं, सुटलो; आता हा रशियन घरातून जाईल.

जेवणं झाल्यावर तू पुन्हा टेबलाशी बसलीस आणि जिथे थांबली होतीस तिथून पुढे मराठी करू लागलीस. मी थक्क झालो. "अगं, आता कशाला? तोच माणूस उलटला." तू मान वर न करता म्हणालीस, "पुस्तक त्याचं असेल. त्यातली माणसं त्याच्या बापाची नाहीत."

 हा वाद मी अजून तुझ्याशी घालतोय. ज्यानं एवढं खरं लिहिलं तोच एवढं खोटं बोलला, तर लिहिलेलं खरं राहतं का? तू म्हणशील, राहतं. मी म्हणेन, मग त्याला आतून काय झालं? तू म्हणशील, घाबरला असेल. आणि त्यावर मी विषय बदलीन, कारण घाबरणं म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको.

दुसऱ्या दिवशी तू खाली गेलीस. मला नंतर सांगितलंस. जसपालजींना तू तारीख विचारली नाहीस, वेळ विचारली नाहीस. एवढंच विचारलंस, "उस दिन गैस पर क्या रखा था?"  त्या म्हणाल्या, "आलू उबाले थे जी, परांठों के लिए. इन्हें आलू के परांठे... दूध आता तो चाय बनती." ते बटाटे कुकरमध्ये तसेच राहिले. वास येऊ लागला तरी त्यांच्यानं ते टाकवेनात. आणि तिथून त्या बोलत गेल्या. मास्तरांनी कोणता स्वेटर घातला होता, चप्पल कोणती, निघताना काय पुटपुटले. वकिलानं इतके महिने विचारून जे निघालं नव्हतं ते सगळं तू ऐकून आलीस. आणि त्याच आठवड्यात, मला फक्त कळवून, आपण बाल्कनीतून काय पाहिलं त्याचं शपथपत्र करून दिलंस.

मी अबोला धरला. तू सही करून घरी आलीस तेव्हा दार उघडलं आणि पेपर घेऊन बसलो. तू दोनदा विचारलंस, "अहो, चहा घेणार?" मी पान उलटलं. तेव्हा वाटलं, बोलायला सगळा जन्म पडलाय.

मग ते फोन. उचलला की पलीकडे कोणी नाही, नुसता श्वास असावा असं काहीतरी. मी टेलिफोन खात्यातला माणूस. ब्लँक कॉल म्हणजे बहुतेक वेळा लाइनचा दोष, हे मी लोकांना आजवर समजावत आलोय. तुलाही तेच समजावलं. अबोला सुटायला तेवढं निमित्त झालं. आणि नंतर एका दुपारी वर्कशॉपातून फोन आला, तेव्हा मात्र पलीकडे माणूस होता. तू इंजिनाच्या एका पुस्तकावर मान टेकवलीस ती टेकवलीस. डोक्यातली शीर फुटली, असं डॉक्टर म्हणाले. कोणालाही, कधीही होतं. माझा डॉक्टरवर विश्वास आहे. दिवसा असतो. संध्याकाळी फोन वाजला की मी केतकीला उचलू देत नाही.

आपल्या घरात चूल पेटायची नव्हती तेवढे दिवस जसपालजींनी दोन्ही वेळा डबा आणला. डाळ, भात, दही. पंजाबी पद्धतीचं तिखट केतकीला झेपत नाही म्हणून तिच्यासाठी वेगळी फिकी भाजी. कोर्टाचा शब्द त्यांनी काढला नाही. तो काढला वकिलानं. भेटायला आला आणि चपला घालता घालता चाचरत म्हणाला, हायकोर्टानं चौकशी एका न्यायाधीशाकडे सोपवली आहे. मॅडमचं शपथपत्र आहे, पण त्यांना उलट प्रश्न विचारता येणार नाहीत, तेव्हा त्याचं फारसं वजन राहणार नाही. बाल्कनीत दुसरंही कोणी होतं असं त्यांनी त्यात लिहिलं आहे. मी "हं" म्हणालो. जसपालजी आत भांडी घासत होत्या. त्यांनी ऐकलं असणारच.

केतकीनं पुण्याची तिकिटं काढली होती. "बाबा, अब यहाँ रखा क्या है? चलो मेरे साथ." लहानपणापासून मराठीत विचारावं आणि तिनं हिंदीत उत्तर द्यावं, तू चिडायचीस. मी म्हणालो, बघू. मनात म्हणालो, जाऊ. बदलीचा अर्जही देता आला असता. बायको गेलेल्या माणसाला कोण नाही म्हणतं?

निघायच्या आदल्या दिवशी जसपालजी डबा घेऊन आल्या. मी स्वयंपाकघरात तुझे डबे पुसत होतो. त्यांनी ताट वाढलं, माझ्यासमोर ठेवलं, आणि स्टुलावर बसल्या. मग अगदी सहज विचारलं, "वीरजी, उस दिन भाभीजी ने क्या बनाना था?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

मटकी, मी म्हणालो. मटकी भिजवून फडक्यात बांधून ठेवली होती, संध्याकाळी उसळ करणार होती. मोड बाहेर आले होते, फडक्यातून दिसत होते. सकाळी जाताना तिनं सांगितलं होतं, गाठ सैल करा, गुदमरतील. मी पेपर वाचत होतो. हॉस्पिटलातून आल्यावर पाहिलं तर गाठ तशीच. असं सांगता सांगता मी तुझी शाल सांगितली, जिन्यात तू चप्पल बदलायला वर परत आलीस ते सांगितलं, स्कूटर चालू होईना म्हणून तू तिला मराठीत दिलेली शिवी सांगितली. हिंदीत सांगत होतो की मराठीत, देव जाणे. तू गेल्यापासून कोणासमोर डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं, ते त्या बाईसमोर ताटात पडलं. त्यांनी मला थोपटलं नाही, समजूत घातली नाही. नुसत्या ऐकत बसल्या, जशी तू त्यांच्याकडे बसली असशील. नंतर डबे गोळा केले आणि जायला उठल्या.

"जसपालजी," मी म्हणालो, "कोर्ट की तारीख कौन-सी है?"

त्यांनी सांगितली. केतकी दारात उभी होती. "बाबा, आप पागल हो गए हो," म्हणाली. आत गेली, बराच वेळ आपटाआपट केली, आणि बाहेर येऊन म्हणाली, "ठीक है. मैं भी रुकती हूँ."

आज ती तारीख होती. दुपारीच परत आलोय आणि कपडेही न बदलता तुला हे लिहायला बसलोय.

सतरा सेक्टरातल्या त्या कोर्टात खोली लहान, पंखा बंद, खिडकीत कबुतरं. जसपालजी मागच्या बाकावर केतकीशेजारी. मी बाल्कनी सांगितली, जीप सांगितली, दंड कसे धरले ते हातानं दाखवलं, पगडी दाराला अडली ते सांगितलं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा बरा निघाला. मग समोरचा वकील उठला. वयस्क, सभ्य माणूस. ओरडला नाही. त्यानं विचारलं, "आप सरकारी मुलाज़िम हैं, पढ़े-लिखे हैं. सब कुछ अपनी आँखों से देखा. फिर इतने महीने चुप क्यों रहे?"

घरून निघताना मी याची उत्तरं तयार करून गेलो होतो. खात्याचे नियम, बायकोची तब्येत, सल्ला द्यायला कोणी नव्हतं. तुला ठाऊक आहे, मी सबबी चांगल्या सांगतो. तोंड उघडलं आणि त्यांतलं एकही आलं नाही.

"डर लगता था जी," मी म्हणालो.

 न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"अब नहीं लगता?"

"लगता है," मी म्हणालो. "अब भी लगता है, मैडम. पर वो जो मैंने कहा, वो मैंने देखा है."

टायपिस्टनं तेही टाइप केलं. कागद माझ्यासमोर आला, मी तो वाचला आणि खाली सही केली.